अली वॉलेस: पक्षी आधी कुणी पाहिला?

आजच्या गोष्टीची सुरुवात मी शेवटापासून करणार आहे.

साल १९०७. ठिकाण तेर्नाते. आजच्या इंडोनेशियात, न्यू गिनीच्या पश्चिमेला असलेलं हे छोटंसं ज्वालामुखीचं बेट. लवंगेच्या व्यापारासाठी पोर्तुगीज, स्पॅनिश आणि डच जिथे एकमेकांशी भांडले, ते हेच. थॉमस बार्बर नावाचा एक तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फिरत फिरत तिथे आला होता. विटक्या निळ्या टोपीतला एक सुरकुतलेला मलाय म्हातारा त्याच्या समोर येऊन उभा राहिला. आपलं नाव अली वॉलेस आहे, असं त्यानं सांगितलं.

बार्बर थक्क झाला. कारण हा अली त्याला पुस्तकातून माहीत होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाचा हा जुना साथीदार. दोघांची ताटातूट होऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. आणि या माणसानं वॉलेसचं नाव आपल्या नावापुढे लावून ठेवलं होतं.

आता प्रश्न असा की वॉलेसनं अलीचं नाव कशाला दिलं? आज मला त्याबद्दल बोलायचंय. उष्ण कटिबंधातल्या जंगलांची, तिथल्या प्राण्यांची, साहसांची वर्णनं आपण आवडीनं वाचतो. त्यात एक माणूस असतो, त्याची बंदूक असते, डायरी असते. पण प्राणी आधी कुणाला दिसला, झाडावर कोण चढलं, सापाला बाहेर कुणी ओढलं, हे आपण विचारत नाही. वॉलेसच्या बाबतीत ते विचारता येतं, कारण त्यानं स्वतःच बरंचसं लिहून ठेवलंय.

थोडं मागे जाऊ. वॉलेसचा जन्म १८२३ चा, वेल्समधला. घरची परिस्थिती बेताची, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, मग जमीनमोजणीचं काम. डार्विनसारखी वडिलांची इस्टेट पाठीशी नव्हती. १८४८ मध्ये तो हेन्री वॉल्टर बेट्स या मित्राबरोबर ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला. खर्च कसा भागवायचा? पक्षी आणि किडे जमवायचे, लंडनला सॅम्युअल स्टीव्हन्स या एजंटाकडे पाठवायचे, आणि तो ते संग्राहकांना विकणार. म्हणजे हे साहस पोटासाठीही होतं, हे लक्षात ठेवा.

चार वर्षांनी, १८५२ मध्ये, तो परत निघाला. ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजाला आग लागली. स्वतःसाठी राखून ठेवलेला संग्रह, वह्या, जिवंत माकडं, पोपट, सगळं गेलं. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर दुसऱ्या एका जहाजानं त्यांना उचललं. स्टीव्हन्सनं विमा उतरवून ठेवला होता, म्हणून हातात थोडे पैसे तरी आले. एखाद्यानं पुन्हा समुद्राचं नाव काढलं नसतं. हा गडी दोन वर्षांत सिंगापूरला हजर!

एप्रिल १८५४. सिंगापूर बेटावर तेव्हा वाघ होते. चिनी मजूर जंगल तोडून मळे करत होते आणि वाघ त्यांना उचलून नेत होते. वाघांसाठी खोल खड्डे खणून वर काटक्या आणि पानं पसरलेली असायची. किडे शोधत फिरणाऱ्या वॉलेसला वाघापेक्षा या खड्ड्यांचीच धास्ती जास्त होती. त्याला वाघ दिसला नाही. पण रोज त्याच जंगलात कामाला जाणाऱ्या मजुराला निवड नव्हती. ज्याला आपण साहस म्हणतो, ती दुसऱ्या कुणाची तरी रोजची हजेरी असते.

तिथून तो बोर्निओत, सारावाकला गेला. सिमुंजन नदीकाठी कोळशाची खाण नुकतीच सुरू होत होती. जंगल तोडलेलं, लाकडं कुजत पडलेली, म्हणजे भुंगेऱ्यांची चंगळ. वॉलेसनं जाहीर केलं की जो किडा आणून देईल त्याला प्रत्येकी एक सेंट. दायाक आणि चिनी कामगार बांबूच्या नळ्यांतून किडे आणू लागले. भुंगेऱ्यांचे सुमारे दोन हजार प्रकार तिथे मिळाले. पायांच्या बोटांमधल्या पडद्यांवर तरंगत झाडावरून उतरणारा एक मोठा हिरवा बेडूक एका चिनी कामगारानंच आणून दिला. उतरताना त्यालाच तो दिसला होता. आज तो बेडूक ‘वॉलेसचा उडता बेडूक’ म्हणून ओळखला जातो. त्या कामगाराचं नाव पुस्तकात नाही.

इथलीच आणखी एक गोष्ट, जी सांगताना मला दर वेळी अवघड होतं. वॉलेसनं बोर्निओत कातडी आणि सांगाडे मिळवण्यासाठी ओरांगउटान मारले, एकदोन नव्हे, चांगले डझनावर. एका मादीला गोळी घातल्यावर तिचं तान्हं पिल्लू चिखलात सापडलं. ते त्यानं घरी आणलं. दूध मिळत नव्हतं म्हणून भाताची पेज पाजली. पिल्लाला आईच्या केसांना धरून बसायची सवय, म्हणून म्हशीच्या कातड्याची खोटी आई करून दिली. सुमारे तीन महिने त्यानं ते जगवलं. मग ते तापानं मेलं. वॉलेसला खरंच वाईट वाटलं, आणि त्याचंही कातडं आणि सांगाडा त्यानं जपून ठेवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवली तर तो इतिहास होत नाही.

याच सारावाकमध्ये, १८५५ च्या अखेरीला, त्याला अली भेटला. वय अंदाजे पंधरा. आधी स्वयंपाकाला ठेवलं. मग पोरगा बंदूक शिकला, पक्ष्याचं कातडं न फाटता सोलायला शिकला, होडी चालवायचं त्याला येतच होतं. हळूहळू तो बाकीच्यांचा मुकादम झाला.

१८५६ च्या जूनमध्ये दोघं बालीहून लोंबोकला गेले. मधली सामुद्रधुनी जेमतेम पंधरा मैलांची. पण पलीकडे पक्षीच बदलले. बालीत दिसणारे आशियाई पक्षी गायब, आणि झाडांवर पांढरे काकाकुवा, ऑस्ट्रेलियाकडचे! यातूनच पुढे त्यानं आशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या प्राणिसृष्टीतली सीमा आखली. आपण तिला ‘वॉलेस रेषा’ म्हणतो. आता गंमत बघा. ही रेषा उभी आहे ती चिठ्ठ्यांवर. कोणता पक्षी कोणत्या बेटावर मिळाला, ती चिठ्ठी. चिठ्ठी वॉलेसची, त्याची शिस्त वादातीत. पण चिठ्ठी ज्याच्या पायाला बांधली, तो पक्षी पुष्कळदा अलीनं टिपलेला होता.

पुढे अरू बेटं, १८५७. हा स्वर्गपक्ष्यांचा मुलूख. युरोपात शेकडो वर्षं या पक्ष्यांची फक्त वाळवलेली कातडी पोचत होती, आणि व्यापारासाठी वाळवताना त्यांचे पाय कापलेले असायचे. त्यामुळे हा पक्षी पायांशिवायच जन्मतो, आयुष्यभर हवेतच राहतो, अशी समजूत झाली. लिनीअसनं १७५८ मध्ये त्याचं शास्त्रीय नावच ‘अपोडा’, म्हणजे बिनपायांचा, असं ठेवलं. अरूच्या शिकाऱ्याला मात्र पक्षी कोणत्या झाडावर, कोणत्या वेळी नाचायला जमतात ते ठाऊक होतं. तो पहाटे फांदीवर आडोसा करून बसायचा आणि बोथट टोकाच्या बाणानं पक्षी पाडायचा, म्हणजे पिसांना रक्त लागत नाही. या शिकाऱ्याला पक्ष्याच्या पायांबद्दल कधी शंका नव्हती!

तिथे बादेरून नावाच्या त्याच्या पोऱ्यानं एक दिवस छोटा लालभडक स्वर्गपक्षी आणून हातावर ठेवला. वॉलेस हरखला. पण पुढे त्यानं जे लिहिलं ते मोठं आहे. सुधारलेला माणूस या जंगलांपर्यंत पोचला की इथला तोल बिघडवील आणि ज्या सौंदर्याचं त्याला कौतुक, तेच संपवील. तेव्हा सगळी सृष्टी माणसासाठी घडलेली नाही, हे आपण समजून घ्यावं, असा त्याचा आशय. सोळा-सतरा दशकांपूर्वीचं हे म्हणणं आहे, आणि म्हणणाऱ्याच्या हातात मेलेला पक्षी आहे.

एक सापाची गोष्ट सांगतो, म्हणजे जरा हलकं होईल. अंबोन बेटावर जंगलातल्या झोपडीत वॉलेस राहत होता. संध्याकाळी वाचत पडला असताना छपरात काहीतरी सरपटल्यासारखं वाटलं. दुर्लक्ष करून झोपला. दुसऱ्या दिवशी वर पाहिलं तर काळंपिवळं वेटोळं. आधी त्याला वाटलं, कुणीतरी कासवाची पाठ तिथे ठेवलीय. मग डोकं आणि डोळे दिसले. बारा फुटी अजगर! रात्रभर तो याच्या डोक्यावर हातभर अंतरावर होता. वॉलेसची माणसं पळाली. शेवटी शेजारच्या बुरू बेटावरचा एक माणूस पुढे झाला. त्यानं वेताचा फास केला, अजगराला खाली ओढला, शेपटीला धरून फरफटत नेला आणि निकाल लावला. वॉलेसनं ते प्रामाणिकपणे, स्वतःची फजिती न लपवता लिहिलंय.

१८५८ च्या फेब्रुवारीत, तापात पडलेला असताना, वॉलेसला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. तेर्नातेहून त्यानं निबंध डार्विनला पाठवला. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनीअन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. हे सगळ्यांना माहीत असतं. त्या वेळी वॉलेस कुठे होता? न्यू गिनीच्या किनाऱ्यावर, डोरेला. पाय दुखावून झोपडीत अडकलेला, बरोबरची माणसं तापानं आणि हगवणीनं आजारी. त्यातला जुमात नावाचा, बुतोन बेटावरचा, अठराएक वर्षांचा मुलगा तिथेच दगावला. कफनासाठी वॉलेसनं नवं कापड दिलं. लंडनमध्ये निबंध वाचला जात होता त्या हंगामाची ही दुसरी बाजू. विज्ञानाच्या इतिहासात १ जुलैची तारीख पक्की आहे. जुमातचं नाव त्याशेजारी मी तरी कधी पाहिलेलं नाही.

आणि आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. ऑक्टोबर १८५८, बाचान बेट. अली शिकारीहून परत आला, कमरेला काही पक्षी लटकवलेले. एक पक्षी त्यानं पुढे केला, हा जरा वेगळा दिसतो म्हणून. छातीवर चमकदार हिरवी पिसं, आणि प्रत्येक खांद्यातून दोन लांब पांढरी पिसं. क्षणभर वॉलेसलाही कळेना. मग उलगडलं की हा नवाच स्वर्गपक्षी आहे. १८५९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज ग्रे यांनी त्याला वॉलेसचं नाव दिलं.

मग शोध कुणाचा? बाचानच्या रहिवाशांना तो पक्षी नवा असेल, असं मला वाटत नाही. अलीनं तो टिपला, आणि इतरांपेक्षा वेगळा आहे हे ओळखलं. वॉलेसनं त्याचं कुळ ओळखलं. ग्रेनं नाव दिलं. या चारही गोष्टी लागतात. नाव मात्र एकाचंच टिकलं.

वॉलेसला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. त्याच्या काळाच्या मानानं त्यानं खूप सांगितलं. आठ वर्षांत चौदा हजार मैल, एक लाख पंचवीस हजारांवर नमुने. एकट्याचं हे काम नव्हे, हे तो जाणून होता. १८६२ मध्ये निघताना त्यानं अलीला दोन दुनळी बंदुका आणि उरलेलं सामान दिलं. सिंगापूरला अलीचा युरोपियन कपड्यांत फोटो काढून घेतला, आणि १९०५ साली आत्मचरित्रात तो छापला. बार्बरनं भेटीची हकीकत कळवली तेव्हा चौऱ्याऐंशीच्या घरातला वॉलेस आनंदला.

तेव्हा एक विनंती करून थांबतो. तुमच्यापैकी बरेच जण ताडोबाला जातात, काही जण आता बोर्निओलाही जातात. फोटो टाकता, पक्ष्यांच्या याद्या करता. ज्यानं बोट दाखवलं त्या गाइडचं नाव, त्याला विचारून, त्या नोंदीत लिहा. अलीला स्वतःच आपलं नाव सांगत रस्त्यावर उभं राहावं लागलं. तेवढं तरी आपण टाळू शकतो.