मूत्रपिंडदाहाच्या निदानाची वाटचाल

मूत्रपिंडदाहात रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छांना सूज येते. गाळणी बिघडली की रक्तातले अल्ब्युमिन लघवीत उतरते आणि चेहरा व पाय फुगतात. अंगावरची ही सूज वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे मूळ मात्र सापडत नव्हते. नेपल्सचे डोमेनिको कोतुन्यो यांनी अठराव्या शतकातच अशा रुग्णाची लघवी तापवली, तेव्हा ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठली. पण तेवढ्यावरून दोष मूत्रपिंडात असल्याचे त्यांच्या ध्यानात आले नाही.

तो धागा जुळवला लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी. अंगावरची सूज, गोठणारी लघवी आणि शवविच्छेदनात दिसणारी खराब मूत्रपिंडे या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या आहेत, हे त्यांनी 1827 च्या ग्रंथात दाखवले. चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवायची, एवढीच त्यांची चाचणी. खाटेवरच्या जिवंत माणसात आतल्या अवयवाचा बिघाड ओळखण्याची ही सोय वैद्यकातली फार मोठी पायरी होती. 1842 मध्ये रुग्णालयाने खास या रुग्णांसाठी 42 खाटा राखून ठेवल्या. उपचार मात्र रक्त काढणे आणि जुलाब देणे यांपलीकडे गेले नव्हते. रोग ओळखता येई, आवरता येत नसे. पुढे जवळपास शतकभर सगळे दुखणे ‘ब्राइटचा आजार’ या एकाच नावाखाली राहिले.

1914 मध्ये जर्मनीत फोल्हार्ड आणि फार यांनी त्याचे प्रकार पाडले, पण आधार मुख्यतः शवविच्छेदनाचाच होता. खरी कलाटणी दिली बायोप्सीने. कोपनहेगनचे इव्हर्सन आणि ब्रुन यांनी 1951 मध्ये सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शिकागोच्या कार्क आणि म्युर्की यांनी 1954 मध्ये रुग्णाला पालथे झोपवून ती सुधारली. त्यांना 96 टक्के वेळा तपासण्याजोगा तुकडा मिळाला. याच दशकात स्टेरॉइड आली, आणि कुणाला ती द्यावीत हे ठरवायला तुकडा हाताशी होता.

पुढे प्रतिपिंडांना चमकता रंग जोडून तुकडे पाहिले जाऊ लागले. पॅरिसचे जाँ बर्जर आणि निकोल ॲंग्ले यांनी 1968 मध्ये आयजीए प्रतिपिंड साचल्याने होणारा प्रकार वेगळा काढला. 2009 मध्ये मेम्ब्रेनस प्रकारातल्या बहुतेक रुग्णांत पीएलए2आर या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. आता त्या प्रकारात काहींचे निदान सुई न टोचता, रक्ताच्या तपासणीवरच होते.