शेर गेला, किलो आला

‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण आपण आजही सहज वापरतो. नाजूक प्रकृतीला ‘तोळामासा’ म्हणतो, स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टीला ‘पायलीचे पन्नास’ म्हणतो. शेर, तोळा, मासा, पायली ही मापे कायद्याने व्यवहारातून जाऊन साठ वर्षे उलटली. भाषेतून मात्र ती हललेली नाहीत. ती का गेली आणि त्यांच्या जागी आलेला किलो म्हणजे नेमके काय, हे आज पाहू.

आपल्याकडे शेर दोन होते. एक वजनाचा: पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. दुसरा मापाचा: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य बहुधा या दुसऱ्या शेराने मोजले जाई. पण चिपटे-मापटे ही भांडी. ती जागा मोजतात, वजन नव्हे. एक शेर बाजरी आणि एक शेर पोहे यांचे वजन सारखे कसे असेल? त्यातच माप शिगेने भरायचे की वरून हात फिरवून सपाट करायचे, हा आणखी एक प्रश्न. घेताना शीग आणि देताना सपाट, एवढ्यानेही कष्टाच्या राशीला गळती लागू शकते. भांडे तेच, नावही तेच. फरक कोणाच्या पदरात पडायचा हे माप ज्याच्या हातात तो ठरवणार.

वजनाचा शेरही सगळीकडे एक नव्हता. १८३३ मध्ये इंग्रज सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. त्या हिशेबाने ८० तोळ्यांचा शेर आजच्या सुमारे ९३३ ग्रॅमचा आणि मण सुमारे ३७ किलोचा होतो. मुंबईचा मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलोचा! नाव मणाचेच, पण मुंबईचा भाव ऐकून बंगालच्या व्यापाऱ्याने सौदा केला तर काय होईल, याची कल्पना करा. हा गोंधळ मिटवण्यासाठी १८७१ मध्ये कायदाही झाला. त्यात वजनाच्या मूळ एककाला नाव ‘सेर’च ठेवले होते आणि वजन मात्र बरोबर एक किलो. पण तो कायदा कागदावरच राहिला.

खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा आला, १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला. १९६२ मध्ये त्याची सक्ती झाली. किलो शेरापेक्षा सुमारे ६७ ग्रॅमने मोठा. शेराचाच भाव किलोला लावला तर दुकानदाराचे नुकसान, फार वाढवला तर गिऱ्हाइकाचे. रुपया शेराची वस्तू किलोला एक रुपया सात नवे पैसे, असा हिशेब करावा लागे. कोट्यवधी माणसांनी तो शिकून घेतला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता किलोकडे वळू. मी वर ‘वजन’ म्हणत आलो, पण शास्त्राच्या भाषेत किलो हे वस्तुमानाचे एकक आहे. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती. वजन म्हणजे पृथ्वी तिला किती जोराने ओढते. हे ओढणे सगळीकडे सारखे नसते. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. तिथे गुरुत्वाकर्षण कमी होते. ध्रुवापेक्षा विषुववृत्तावर तीच वस्तू सुमारे अर्धा टक्का हलकी भरते, चंद्रावर तर सहावा हिस्साच. वस्तुमान मात्र सगळीकडे तेवढेच. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने किलो हे वस्तुमानाचे एकक असल्याचे स्पष्ट करून टाकले.

हा किलो १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्र येथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पण शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत दिसू लागली. बदलले कोण, ठोकळा की प्रती? सांगायला काहीच साधन नव्हते, कारण ठोकळा म्हणजेच किलो! अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर बांधली गेली. आता किलो कोणाच्याही कपाटात बंद नाही.

आपल्या बाजारात याचा काय उपयोग? दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानांची तुलना करतो. गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांवर सारखेच असल्याने तो चंद्रावरही खरे सांगेल. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र दाब मोजून ग्रॅम दाखवतो. म्हणून तो जिथे वापरायचा तिथे प्रमाणित वजने ठेवून तपासावा लागतो, आणि त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. मंडईत पिशवी पुढे करण्याआधी तो शिक्का जरूर पाहा. शीग आणि सपाट यांचे भांडण मिटवायला आपल्याला फार वर्षे लागली आहेत.