जाळीच्या झग्याची कहाणी

यंदाच्या वर्धापनदिनासाठी लहान मुलींचे परीनृत्य बसवावयाचे ठरले आणि झगे शिवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. कडक जाळीचे थरावर थर लावून कमरेपासून फुलून राहणारा झगा. कापडाच्या दुकानात या जाळीला 'कॅनकॅन' म्हणतात. मी शिवत बसले असता शेजारच्या आजी आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे मच्छरदाणीचे कापड पोरींच्या अंगावर घालायची बुद्धी पहिल्यांदा कोणाला गं सुचली?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे मिळेल तेथून वाचून जे समजले, ते भगिनींपुढे ठेवते.

हा झगा मूळचा युरोपातील बॅले नृत्याचा. त्याला 'टूटू' म्हणतात. पूर्वी पॅरिसच्या ऑपेरात नाचणाऱ्या बायका राजदरबारातल्यासारखे जड, पायघोळ पोशाख घालीत. पाय कसा पडतो, हे पाहणाऱ्याला दिसतच नसे. १७२६ साली मारी कामार्गो नावाची नर्तकी तेथे प्रथम नाचली. उंच उडी मारून हवेत पाय झरझर आलटून पालटून घेणे ही तिची खासियत. ते कसब लोकांना दिसावे म्हणून तिने झगा घोट्याच्या वर घेतला. घोटा दिसला म्हणून तेव्हा केवढा गहजब झाला! आपल्याकडे लुगड्याची गोल साडी झाली तेव्हाही घरोघर बोलणी बसलीच होती, तसेच हे.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८३२ साली, पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' हे बॅले झाले. नायिका वाऱ्यातली परी. मारी ताल्योनी ही भूमिका करीत होती आणि नाच बसविला होता तिच्या वडिलांनी. पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून ती अशी नाचे की, जमिनीला जणू तिचा स्पर्शच नाही. अंगात पांढऱ्या तलम कापडाचा, घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंतचा झगा होता. तो इतका गाजला की परी म्हटली की हाच पोशाख, असे ठरूनच गेले. शहरातल्या बायकांनीही ताल्योनीसारखा मधोमध भांग पाडून केस चापून बसविण्याची पद्धत उचलली.

मलमल आपल्याला नवी नाही. ढाक्याची मलमल तर जगभर गेली होती. पण झगा फुलवणारी जाळी हाताने विणायची म्हणजे महाग काम. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट याने जाळी विणणारे यंत्र काढले आणि १८०९ साली त्याचे पेटंट घेतले. १८१६ साली यंत्रांवर चिडलेल्या लोकांनी त्याच्या कारखान्यात शिरून पन्नासाहून अधिक यंत्रे फोडली, तेव्हा तो गाव सोडून दुसरीकडे गेला. पण जाळी स्वस्त झाली ती झालीच, आणि नर्तकींना झग्याखाली हवे तेवढे थर लावता येऊ लागले.

आता या कहाणीचा दुःखाचा भाग येतो. त्या काळी रंगमंचावर गॅसचे उघडे दिवे असत. पातळ, विरळ विणीच्या कापडात हवा खेळती राहते. त्यामुळे ठिणगी पडली की ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भडकते. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तकी प्रेक्षकांसमोर भाजली आणि तीन दिवसांत गेली.

कपडा पटकन पेटू नये म्हणून तो क्षारांच्या पाण्यात बुडवण्याची युक्ती कार्तरों नावाच्या गृहस्थाने काढली. १८५९ साली फ्रान्समध्ये तसे सरकारी फर्मानही निघाले. पण त्या पाण्यातून काढलेला झगा ताठ आणि मळकट दिसे. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने तो घालावयास साफ नकार दिला. माझ्या जबाबदारीवर मी नेहमीच्याच झग्यात नाचेन, असे तिने लिहून दिले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी झगा सारखा करताना तो दिव्याजवळ गेला आणि पेटला. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. आठ महिने अंथरुणावर यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी तिने प्राण सोडला. तिच्या झग्याच्या जळक्या चिंध्या पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहात जपून ठेवलेल्या आहेत.

हे वाचले तेव्हा प्रथम मला तिचा राग आला. एवढा हट्ट कशाला करावा? मग वाटले, तिची सारी कला हलकेपणाची. ताठ झग्यात परी दिसणार कशी? शिवाय सगळ्यांनी झगा बदल असे त्या मुलीलाच सांगितले. दिवा मात्र जेथे होता तेथे उघडाच राहिला. चूक नुसती तिच्या पदरात घालून चालणार नाही.

पुढे नाट्यगृहांतून विजेचे दिवे आले. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये विजेवर उजळले. याच सुमारास झगा आणखी आखूड झाला. व्हर्जिनिया झुक्की ही इटलीची नर्तकी १८८५ साली रशियात गेली, तिने तो गुडघ्याच्या वर नेला. १८९५ साली 'स्वान लेक' बॅलेत पिएरिना लेन्यानी हिने एका पायावर लागोपाठ ३२ गिरक्या घेतल्या. असल्या गिरक्या पायघोळ झग्यात दिसल्याच नसत्या. होता होता तो थाळीसारखा आडवा पसरणारा झगा झाला. जाळीचे दहा-बारा थर आतल्या चड्डीवरच ओळीने शिवतात, खालचा थर आखूड आणि वरचा लांब. थर बसू नयेत म्हणून झगा उलटा टांगून ठेवतात. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये कारिन्स्का या शिवणकामात निष्णात बाईंनी आतली तारेची कडी काढून टाकली आणि झगा मऊ केला.

फॅशनवाल्यांनीही हा झगा सोडला नाही. महायुद्धात कापड मोजून मिळे. ते संपल्यावर १९४७ साली पॅरिसच्या क्रिस्तियाँ दिओरने बारीक कंबर आणि भरपूर घेर असलेले पोशाख काढले. प्रसिद्ध नर्तकी मार्गो फाँटेन हिनेही त्यांतला एक घेतला. १९४९ च्या एका पोशाखाला तर त्याने 'काळा हंस' असे बॅलेतलेच नाव दिले. मग वाढदिवसाच्या फ्रॉकखाली जाळी आली, आणि आपल्याकडे लग्नातल्या घागऱ्याखालीही. आजींच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

पण भगिनींनो, आताची जाळी बहुधा नायलॉनची असते. ती नुसती जळत नाही, तर वितळून कातडीला चिकटते. आमच्या परीनृत्यात मुलींच्या हाती पेटती निरांजने द्यावयाची ठरली होती. मी हरकत घेतली, तेव्हा एक-दोघी म्हणाल्या, "बॅटरीच्या दिव्याला ती शोभा नाही हो." शोभा नाही हे मलाही मान्य आहे. पण एमा तरी वेगळे काय म्हणत होती? अखेर सर्वांनी ऐकले. झगे तसेच राहिले, दिवे मात्र बॅटरीचे आले. समई मंचाच्या खाली, दूर ठेवली.

घरीही एवढे करावे. गॅसपाशी उभे राहताना पदर खोचावा, सुती कपडा असावा, आणि झगा घातलेली मुलगी घरात असेल त्या दिवशी देवापुढची समई आणि दारातल्या पणत्या तिच्या झग्यापासून लांब, उंचावर ठेवाव्यात. मुलीला नटवावे, हौस करावी. पण तिला सावर म्हणण्याआधी आपण दिवा सावरावा. म्हणजे ही कहाणी सुफळ झाली असे मी समजेन.