रेडफर्न : एका वस्तीची कहाणी

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या मध्यभागाला लागूनच रेडफर्न हे उपनगर आहे. ही मूळची गाडिगल लोकांची भूमी. १८८७ साली शेजारी इव्हली येथे रेल्वेचे कारखाने सुरू झाले आणि कामगारांची दाट वस्ती झाली. विसाव्या शतकात अनेक आदिवासी कुटुंबे कामाच्या शोधात येथे आली. काम मिळाले, पण मान मिळाला नाही. घर मिळणे कठीण, त्यात पोलिसांचा जाच.

पण समाजातील तरुणांनी हातपाय गाळले नाहीत. १९७० साली स्वयंसेवक वकिलांच्या साहाय्याने त्यांनी मोफत कायदेविषयक मदत केंद्र काढले. १९७१ मध्ये स्वतःचा दवाखाना, तर १९७३ मध्ये गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आदिवासींनी चालवलेले तसले केंद्र आणि तसला दवाखाना देशात पहिलाच. पुढे त्याच धर्तीवर गावोगावी संस्था निघाल्या. १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी रेडफर्नच्याच उद्यानात आदिवासींवरील अन्यायाची जाहीर कबुली दिली.

विद्यार्थी मित्रांनो, ती कबुली येण्यास बावीस वर्षे लागली. परंतु त्या लोकांनी तिची वाट पाहत हातावर हात ठेवले नव्हते. हक्क मागावेतच, पण संस्थाही उभाराव्यात, हाच रेडफर्नचा धडा.