नेटचं कपाट: जागा किती, हवा कशी?
दुपारी ग्रामपंचायतीचं नेट बंद पडतं आणि दाखल्याला आलेली माणसं हात हलवत परत जातात. दरवेळी दोष लाइनीचा नसतो, कपाटातलं मशीन तापलेलं असतं.

रॅकमध्ये बसणाऱ्या मशीनची रुंदी जगभर १९ इंच. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. मुंबईत अंधेरी पूर्वेला, चांदिवलीत इक्विनिक्स, एनटीटीची डेटा सेंटर आहेत, तिथेही हेच माप. अशा ठिकाणी रॅकला पुढून थंड हवा देतात, मागून गरम काढतात आणि दोन्ही मिसळू देत नाहीत. आत येणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी शिफारस आहे.

आपलं सामान तीन-चार यूचं असेल तर कपाट ९ यूचं घ्या. मशीनच्या मागे वायर वळायला चार बोटं जागा सोडा. फायबर काटकोनात दुमडली की सिग्नल गेलाच. मशीन जितके वॅट खातं, जवळपास तितकी उष्णता सोडतं. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता काढतो, मग १००-२०० वॅटच्या कपाटाला एसी कशाला? खोली सावलीची असेल तर कांदाचाळीसारखी खालून हवा आत, वरून बाहेर, वर एक छोटा पंखा, एवढ्यावर भागतं. तापलेल्या पत्र्याजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका. बॅटरी आत ठेवू नका, उष्णतेनं तिचं आयुष्य घटतं. आणि कपाटावर दप्तरं रचू नका. आमच्याकडे हमखास रचतात.