बालाघाटातले सेवाव्रत

धाराशिव जिल्ह्याच्या वायव्य टोकाला भूम आणि परंडा हे तालुके. त्यांची शीव ओलांडली की पलीकडे नगर जिल्ह्याचा जामखेड तालुका लागतो. १७९५ साली निजाम आणि मराठे जिथे लढले ते खर्डा याच तालुक्यातले. डोंगर बालाघाटाचेच, पाऊसही तितकाच लहरी, बाजरी-ज्वारीही तीच. वेगळे होते ते राज्य. भूम-परंडा निजामाच्या मुलखात, तर जामखेड इंग्रजांच्या अमलाखाली. निजामाची सत्ता १९४८ साली गेली, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि ही सरहद्द नकाशापुरती उरली. आजारपणाने आणि दुष्काळाने ती कधी मानलीच नव्हती.

ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या वाटा मात्र बराच काळ या सरहद्दीच्या आसपास थबकत. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे मांडले, पुढे सोलापूरलाही मांडले. या मिशनच्या सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि पुण्यातल्या शाळेची प्रेरणा घेतली, हे सर्वश्रुत आहे. याच मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरहून निघू लागले. नगर आणि सोलापूर यांच्या मधला धाराशिवचा पट्टा बाजूलाच राहिला. मराठवाड्यात ख्रिस्ती धर्माचे मोठे काम उभे राहिले ते वर, जालन्याला, आणि ते एका मराठी माणसाने उभे केले. नारायण शेषाद्री हे त्यांचे नाव. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला, प्रकरण कोर्टात पोहोचले, मुलाचा ताबा वडिलांकडे आला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्ताने स्वधर्मात परत घेतले. त्यावरून त्या काळचा ब्राह्मणवर्ग ढवळून निघाला. नारायणराव मात्र आपल्या वाटेवर ठाम राहिले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत वसवली.

एका घरातले दोन भाऊ असे दोन वाटांना लागावेत, यात त्या काळातल्या धर्मप्रसाराचा सगळा ताण दिसतो. आपल्याला सापडलेले सत्य दुसऱ्याला सांगावे ही ख्रिस्ती माणसाला आज्ञाच आहे. पण ते सांगितल्यावर घर तुटते, जात तुटते, गाव तोंड फिरवते. मग सांगायचे कसे?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हा प्रश्न जन्मभर उराशी बाळगला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढची बरीच वर्षे नगरला राहिले. ख्रिस्त मराठी माणसापर्यंत पोहोचायचा तर तो अभंगातून, कीर्तनातून पोहोचला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. १९१९ साली ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण श्रद्धेचे दार धर्मांतराच्या उंबरठ्याशिवाय उघडता येते, हा विचार नगरच्या मातीत रुजून राहिला.

त्याच मातीत, राहुरीला, १९३४ साली रजनीकांत आरोळे जन्मले. आईवडील शिक्षक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकताना त्यांची जबलपूरच्या मेबल इमॅन्युएल यांच्याशी गाठ पडली. १९६० साली लग्न झाले तेव्हा दोघांनी मिळून खेड्यातल्या, कुणीही न विचारणाऱ्या माणसांसाठी आयुष्य देण्याची शपथ घेतली. प्रथम ते नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात रुजू झाले. तिथे मोठा धडा मिळाला. बरा करून घरी पाठवलेला रोगी तोच आजार घेऊन परत येई. बहुतेक दुखणी घाणेरड्या पाण्यातून, उपासमारीतून आणि अडाणी समजुतींतून येणारी, आणि त्यांचे मूळ दवाखान्याच्या फाटकाबाहेर. दोघे अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला आले.

येताना त्यांची अट होती की गावाने बोलवावे आणि गावाने जागा द्यावी. जामखेडकरांनी दोन्ही केले. गुरांच्या जुन्या दवाखान्यात माणसांचा दवाखाना सुरू झाला.

लवकरच १९७२चा दुष्काळ आला. धाराशिव, बीड, नगर, सोलापूर, सगळीकडे विहिरी कोरड्या पडल्या. आरोळे दांपत्याने उपाशी मुलांसाठी अन्नकेंद्रे चालवली, विहिरी खोदवल्या, बोअर घेतले. आणि हातपंप बसवले ते दलित वस्तीत! पाणी हवे तर सवर्णांनी तिथवर चालत जावे. जातिभेदाविरुद्ध शंभर व्याख्यानांनी साधले नसते ते एका पंपाने साधले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आधी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवून पाहिल्या. बाहेरच्या, वयाने लहान मुली. गाव त्यांचे ऐकेना आणि त्याही तिथे रमेनात. मग आरोग्यसेविका म्हणून गावातलीच बाई निवडायचे ठरले. गावानेच तिला निवडावे. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एका छताखाली झोपत आणि शिकत. बाळाचे वजन कसे करायचे, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, नाळ स्वच्छ ब्लेडने कशी कापायची, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा. ज्या सवर्ण घरात यापूर्वी त्यांतल्या एखादीला ओसरीही वर्ज्य होती, तिथे आता बाळंतिणीच्या उशाशी तिला बोलावणे येऊ लागले. गावात महिला मंडळे आणि शेतकरी मंडळे उभी राहिली.

यश आकड्यांत मोजता येते. १९७१ साली या भागात जन्मणाऱ्या हजारी १७६ बाळे पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. दोन दशकांत तो आकडा तिसाच्या आत आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढले, त्यात जामखेडचे प्रकरण होते. तीन वर्षांनी अल्मा-आताच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. १९७९ साली दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. काम त्यांच्या मुलीने आणि मुलाने पुढे नेले.

हे सगळे श्रद्धेतून आले हे आरोळ्यांनी कधी लपवले नाही. पण औषधाची किंमत म्हणून त्यांनी कुणाकडे बाप्तिस्मा मागितला नाही. ख्रिस्ताने पाय धुतले, तसे आपणही करावे एवढाच त्यांचा प्रचार. डॉक्टर सहसा स्वतःपाशी राखून ठेवतो ते ज्ञान त्यांनी वाटून टाकले, तेही सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईला. टिळकांच्या दरबाराला साधले नाही ते इथे साधले, असे या लेखकाला वाटते.

२००५ साली केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आणली. गावातलीच बाई गावासाठी शिकवायची ही त्यामागची कल्पना जामखेडच्या खेड्यांत तेव्हा तीन दशके मुरलेली होती. धाराशिवमध्येही आज आशाताई वाडीवस्तीवर हिंडतात. २०१८ साली याच जिल्ह्याचे नाव विकासात मागे राहिलेल्या, केंद्राच्या भाषेत ‘आकांक्षित’, जिल्ह्यांच्या यादीत आले. म्हणूनच जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने आपल्या आशाताईंची एक तरी तुकडी दरवर्षी शिवेपलीकडे जामखेडला पाठवावी आणि तिथल्या जुन्या आरोग्यसेविकांशी त्यांची गाठ घालून द्यावी. त्या पिढीतल्या बायका आता थकल्या आहेत. हे लवकर व्हायला हवे.