नाव उतरल्या बंदराचं

मिरकरवाडा बंदराला लिलाव लागला की टोपलीतला बांगडा ‘रत्नागिरीचा’ होतो. तो कुठल्या पाण्यात जाळ्यात आला हे तांडेलाला ठाऊक. गिऱ्हाइकाला त्याची फिकीर नसते. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’चंही तसंच झालं.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईतल्या तिघांच्या रक्ताची हकीकत छापली, म्हणून नाव ‘बॉम्बे’. तपासलं तर ‘ओ’, पण ओ रक्ताशीही पटेना. भारतात साधारण १०,००० जणांत एक असा निघतो.

कारण मजेशीर आहे. तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ नावाची खुंटी लागते, मग तिच्यावर ए किंवा बी टांगायचं. ओ गटात खुंटी मोकळी असते. इथे खुंटीच नाही. शरीरानं ती कधी पाहिलेलीच नसते, त्यामुळे ओ रक्तही त्याला परकं.

ए-बी ठरवणारं जनुक ९व्या गुणसूत्रावर, खुंटी ठोकणारं ‘एफयूटी१’ १९व्यावर. दोघांचा वारसा वेगवेगळा चालतो. १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन यांच्या गटानं अमेरिकेतली एक आई दाखवली: तपासणीत बी नाही, तरी लेकीला बी तिच्याकडूनच आलेलं. आईत ते होतं, टांगायला जागा नव्हती, इतकंच.

खुंटी का नाही? भारतीय कुटुंबांत बहुधा ‘एफयूटी१’मधलं ७२५वं अक्षर चुकलेलं असतं, थायमिनच्या जागी ग्वानिन. पेशी या मजकुराची आरएनएत नक्कल उतरवते तेव्हा चूक सुधारत नाही, इमानानं तीही उतरवते. मग प्रथिनात २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन बसतं आणि सुतार हातोडीच उचलत नाही.

एक धड प्रत असली तरी काम भागतं. म्हणूनच ही चूक पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालते. आईबाप दोघेही वाहक निघाले तर दर मुलामागे चारात एक शक्यता. मामाच्या मुलीशी सोयरीक करणाऱ्या आपल्याकडे ती गाठ पडायला वेळ लागत नाही.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत हेच चुकलेलं अक्षर सापडलं. जहाजातून गेलेल्या पूर्वजांनी नेलेलं. तिथेही त्याला ‘बॉम्बे’च म्हणतात. तिथल्या गोऱ्या कुटुंबांत मात्र चूक दुसऱ्याच अक्षरात निघाली. तिचं नाव ‘रियुनियन’.